थोडे आत्ता, बाकीचे मागाहून

आजकाल घरोघरी मोबाइल फोन आहे. बाजारभाव त्यावर कळतो, शाळेचा निरोप त्यावर येतो, पाऊस कुठवर आला तेही त्यावर पाहता येते. आता असं पाहा. संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही फोनवर भजन ऐकता आहात. त्याच वेळी कुणाचा तरी निरोप येऊन पडतो, तुमचे बोट काचेवरून फिरत असते, घड्याळ पुढे सरकत असते आणि बॅटरी किती उरली याचाही हिशेब आत चाललेला असतो. इतके सगळे होऊनही भजनाचा ताल चुकत नाही. हे कसं जमतं, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. यंत्र वेगवान असते, हे तर खरेच. पण नुसत्या वेगावर हे भागत नाही. कोणते काम मागे टाकायचे, आणि मागे टाकलेल्या कामाची वासलात केव्हा नि कशी लावायची, याची त्याला कडक शिस्त लावलेली असते. आपल्याकडे काम मागे टाकणाऱ्याला आळशी म्हणतात. संगणकाच्या पोटात मात्र जो हाताखालचे प्रत्येक काम तिथल्या तिथे पुरे करू पाहील, तोच सगळ्यांचा खोळंबा करील.

आता हे ‘पोट’ म्हणजे काय, ते पाहू. संगणकात किंवा फोनमध्ये आपण जे कार्यक्रम वापरतो, त्या सर्वांच्या खाली एक मूळ कार्यक्रम अखंड चालू असतो. त्याला कर्नल म्हणतात. सैन्यातला कर्नल नव्हे बरं का! फळाच्या कोयीत जसा गर असतो, तसा हा संगणकाचा गर, त्याचा गाभा. प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, स्मृतीतली जागा कुणाला द्यायची, बाहेरच्या उपकरणांशी कुणी बोलायचे, हे सगळे तो ठरवतो. लिनक्स नावाचा असा एक गाभा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने तो १९९१ साली लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये हाच गाभा असतो. त्याची संहिता कुणालाही उघडून वाचता येते, म्हणून आपण उदाहरण त्याचेच घेऊ.

उपकरणाला गाभ्याशी बोलायचे असते तेव्हा ते हाक मारते. तुम्ही काचेवर बोट टेकवले की काच हाक मारते. दूरवरून माहिती आली की नेटवर्कचे उपकरण हाक मारते. या हाकेला ‘इंटरप्ट’, म्हणजे व्यत्यय, असे नाव आहे आणि ते अगदी सार्थ आहे. हाक आली की प्रोसेसरला चालू काम जिथल्या तिथे थांबवावे लागते. कुठे थांबलो त्याची खूण करून ठेवायची, हाकेला ओ द्यायची आणि मग खुणेपासून पुढे चालू लागायचे.

शिक्षक बंधुभगिनींना हे सांगायला नकोच. समजा, एकशिक्षकी शाळा आहे. गुरुजी फळ्यावर हातच्याची वजाबाकी शिकवीत आहेत. इतक्यात पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात उभा राहतो. गुरुजी काय करतात? सही करतात, पत्र मेजाच्या खणात ठेवतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. पत्र वाचणे, त्यात मागितलेली माहिती गोळा करणे, उत्तर लिहिणे, ही कामे मधल्या सुटीत किंवा शाळा सुटल्यावर. तेच जर त्यांनी दारात उभ्या उभ्या पत्र फोडून उत्तर लिहायला घेतले, तर काय होईल? वर्ग तर बुडेलच. पण तेवढ्यात मैदानावर कुणी मूल पडले नि दुसरे धावत सांगायला आले, तर त्याचेही कुणी ऐकणार नाही.

गाभ्यात नेमके असेच आहे. एका हाकेची दखल घेणे चालू असताना त्या प्रोसेसरचे कान इतर हाकांना बंद ठेवलेले असतात. म्हणून हे दखल घेण्याचे काम अतिशय आखूड असावे लागते. किती आखूड, त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. साध्या संगणकातले नेटवर्कचे कार्ड सेकंदाला एक अब्ज बिट एवढ्या वेगाने माहिती घेऊ शकते. ही माहिती लहान लहान पाकिटांतून येते. पाकिटे पुरी भरलेली, म्हणजे सुमारे १५०० बाइटची असतील, तर एका सेकंदात सुमारे ८१ हजार पाकिटे येऊ शकतात. म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर दर बारा भागांना एक पाकीट! पाकिटे अगदी लहान असतील, तर ही संख्या सेकंदाला १४ लाख ८८ हजारांपर्यंत जाते. पाकीट उघडायचे, ते शाबूत आहे का पाहायचे, कोणत्या कार्यक्रमासाठी आले ते ठरवायचे नि त्याच्या हाती द्यायचे, हे सगळे जर हाकेसरशी करायचे म्हटले, तर बाकीचे उद्योग बंदच ठेवावे लागतील.

म्हणून कामाचे दोन भाग पाडतात. लिनक्समध्ये त्यांना ‘टॉप हाफ’ आणि ‘बॉटम हाफ’, म्हणजे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, असे म्हणण्याचा प्रघात आहे. नाव अर्धे असले तरी वाटणी निम्मीनिम्मी नाही. रुपयातला एक आणा वर आणि पंधरा आणे खाली, अशी ती असते. वरच्या भागात उपकरणाला “ऐकले” असे कळवायचे, “अमुक काम बाकी आहे” अशी नोंद करायची आणि परतायचे. खालचा भाग मागाहून, कान उघडे ठेवून करायचा.

इथवर ठीक. पण ‘मागाहून’ म्हणजे केव्हा? आणि करायचे कुणी? खरा प्रश्न हाच आहे, आणि तो सोडवण्यात लिनक्सच्या मंडळींची पुष्कळ वर्षे गेली.

पहिल्या काळात मागे टाकलेल्या कामांचे ३२ खण होते, आणि नियम असा की सबंध यंत्रात एका वेळी एकाच खणातले काम चालायचे. यंत्रात प्रोसेसर एकच होता तोवर हे निभावले. पुढे एकाच यंत्रात दोन-दोन, चार-चार प्रोसेसर आले. तेव्हा एक जण खण उपसतो आहे आणि बाकीचे हातात हात घेऊन उभे, अशी अवस्था झाली. जानेवारी २००१ मध्ये लिनक्सची २.४ ही आवृत्ती आली, तिच्यात नवी व्यवस्था होती. तिचे नाव ‘सॉफ्ट आय. आर. क्यू.’. नाव अवघड आहे, पण कल्पना सोपी आहे. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची एक पाटी दिली. आज त्या पाटीवर दहा प्रकारच्या कामांसाठी दहा जागा ठरलेल्या आहेत: घड्याळाची कामे, पाकिटे पाठवण्याची, पाकिटे घेण्याची, डिस्कची, वगैरे. वरचा अर्धा भाग योग्य जागी नुसती एक खूण करतो. हाकेला ओ देऊन परत फिरताना प्रोसेसर आपल्या पाटीकडे एक नजर टाकतो आणि जिथे खूण असेल ते काम करतो. दोन प्रोसेसर एकाच प्रकारचे काम एकाच वेळी करू शकतात. कुणी कुणासाठी थांबत नाही.

त्याच्या जोडीला ‘टास्कलेट’ नावाची आणखी एक सोय आली. तिच्यात दोन नियम आहेत. एकच टास्कलेट दोन प्रोसेसरांवर एकदम चालत नाही. आणि त्याची पाळी येण्याआधी कुणी दहा वेळा जरी “हे करा” म्हणून सांगितले, तरी ते एकदाच केले जाते. घरात पाच जणांनी दिवा लावायला सांगितले म्हणून आपण पाच दिवे लावीत नाही, तसेच.

पण या दोन्ही प्रकारांना एक मोठी अडचण आहे. त्यांत थांबता येत नाही. समजा, काम करता करता डिस्कवरून काही वाचायची गरज पडली. डिस्कचे उत्तर यायला वेळ लागतो. तोवर बाजूला बसून वाट पाहावी, तर ती सोय नाही. कारण ही कामे दुसऱ्याच कुणाच्या तरी चालू वेळात उरकली जातात. त्यांना स्वतःचे नाव नाही, खाते नाही. झोपलेल्याला उठवायचे तर त्याचे नाव ठाऊक हवे. ज्याचे नावच नाही त्याला उठवणार कोण?

म्हणून तिसरी व्यवस्था आली. २००२ साली ती घडत होती आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या हाती आली. तिला ‘वर्कक्यू’, म्हणजे कामांची रांग, म्हणतात. यात काम एका स्वतंत्र गड्याच्या हवाली करतात. त्याला नाव असते, खाते असते, आणि जरूर पडल्यास तो थांबूही शकतो. गुरुजींच्या शाळेत बोलायचे तर, हा तालुक्याला जाऊन रांगेत उभा राहू शकणारा माणूस. ‘लगेच नको, अमुक इतक्या वेळाने कर’ असेही त्याला सांगून ठेवता येते.

पुढे या गड्यांचीच संख्या बेसुमार वाढली. प्रत्येक रांग आपापले गडी वेगळे नेमू लागली, तेही दर प्रोसेसरमागे एक. काही मोठ्या यंत्रांत तर यंत्र सुरू होता होताच ३२ हजार नावांची हजेरीवही भरून जाई! २०१० साली तेजुन हो यांनी ही पद्धत बदलली. आता गडी सर्वांचे सामाईक असतात. एक गडी काम करतो आहे तोवर दुसऱ्याला उगाच उठवायचे नाही. पहिला कशासाठी तरी वाट पाहत थांबला, तरच दुसऱ्याला उठवायचे. माणसे मोजकी आणि काम अखंड.

श्रोतेहो, काम मागे टाकण्यात सोय आहे, तसेच धोकेही आहेत. त्यातले तीन सांगतो.

पहिला धोका असा की घेण्यातच सगळा वेळ जातो आणि करणे राहून जाते. गावातली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. गिरणीवाला एकटा आहे. येणाऱ्याचा डबा घ्यायचा, त्यावर चिठ्ठी लावायची, ओळीत ठेवायचा, असा त्याचा क्रम. सणाच्या आदल्या दिवशी गर्दी उसळली. हा डबे घेतो आहे, चिठ्ठ्या लावतो आहे. गिरणीचा पट्टा चढवायला त्याला सवडच होत नाही. संध्याकाळी पाहावे तर डब्यांनी खोली भरली आहे, आणि पीठ एक मूठही नाही. जागा संपल्यावर घेतलेले डबे बाहेर काढण्याची पाळी. संगणकात हे खरोखर घडते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघांनी १९९६ साली या दुखण्यावर एक निबंध सादर केला. पाकिटे एका मर्यादेबाहेर येऊ लागली की यंत्राचा सारा वेळ हाका ऐकण्यात जातो, आणि घेतलेली पाकिटे पुढे कुणापर्यंत न पोचता फेकून द्यावी लागतात. यंत्र बंद पडलेले नसते. ते घाम गाळीत असते. पण हाती काही लागत नाही.

त्यावर उपाय असा की पहिली हाक आली की त्या उपकरणाची पुढची हाक बंद करायची. “आता तू ओरडू नकोस, मीच येऊन पाहीन.” मग आपल्या सवडीने जाऊन पाकिटे उचलायची, पण तीही मापून. लिनक्समध्ये एका उपकरणाकडून एका खेपेत साधारणपणे ६४ पाकिटे घेतात, आणि सर्व उपकरणे मिळून एका फेरीत ३०० ची मर्यादा असते. उपकरणापाशी शिल्लक उरली नाही, की पुन्हा हाक मारायची मुभा. पाटीवरच्या कामांनाही असाच लगाम आहे. ती ओळीने दहा फेऱ्यांहून जास्त, किंवा सेकंदाच्या दोन हजारांश भागाहून अधिक वेळ चालू द्यायची नाहीत. त्यापुढे उरलेले काम एका साध्या गड्याकडे जाते, आणि त्याला इतर कार्यक्रमांच्या बरोबरीने आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. तातडीचे म्हणून आलेले कामही मर्यादेबाहेर गेले, की त्याची तातडी काढून घेतली जाते. तुमचे भजन तुटत नाही, त्यात या नियमाचाही वाटा आहे.

दुसरा धोका असा की ज्याच्यासाठी काम ठेवले, तोच निघून जातो. एखादे उपकरण तुम्ही यंत्रातून उपटून काढता, पण त्याच्या नावाचे काम अजून रांगेत आहे. उपकरणाची स्मृतीतली जागा तर दुसऱ्याला देऊन झाली. आता गडी ते काम करायला गेला, तर तो दुसऱ्याच्याच घरात शिरून भांडीकुंडी हलवील. संगणक अचानक कोलमडण्यामागे कधी कधी असली चूक असते. म्हणून नियम असा की जागा सोडण्यापूर्वी आपल्या नावाची कामे रद्द करून घ्यायची. आणि एखादे काम त्याच क्षणी चालू असेल, तर ते संपेपर्यंत थांबायचे. गाव सोडताना देणेघेणे मिटवून निघावे, तसा हा शिरस्ता.

तिसरा धोका मात्र तुमच्या-आमच्या हातातला आहे, म्हणून तो नीट ऐका. शाळेच्या संगणकावर तुम्ही परीक्षेचे गुण भरले आणि ती यादी पेनड्राइव्हवर उतरवली. पडद्यावर दिसले की काम झाले. पण खरोखर झाले का? पेनड्राइव्हवर लिहिणे संथ असते. म्हणून गाभा ती यादी आधी आपल्या स्मृतीत ठेवून घेतो आणि लिहिण्याचे काम मागाहूनच्या रांगेत टाकतो. त्यात शहाणपण आहे. तुम्ही तेच पान पाच वेळा दुरुस्त केलेत, तरी ते एकदाच लिहावे लागते. लिनक्समध्ये सर्वसाधारण रिवाज असा की दर ५ सेकंदांनी रांग तपासायची आणि ३० सेकंदांहून जुने झालेले पान लिहायला घ्यायचे. मग विचार करा, या मधल्या अर्ध्या मिनिटात वीज गेली, किंवा घाईघाईने तुम्ही पेनड्राइव्ह उपटून घेतला, तर? पडद्यावर दिसलेली यादी पेनड्राइव्हवर अपुरी असेल, कदाचित मुळीच नसेल. वर्षभराचे गुण अशा अर्ध्या मिनिटात जाऊ शकतात.

ज्यांना हा धोका पत्करायचा नसतो, असे कार्यक्रम गाभ्याला स्पष्ट विनंती करतात की “हे प्रत्यक्ष लिहून झाल्यावाचून मला ‘झाले’ म्हणून सांगू नकोस.” हिशेबाच्या नोंदी ठेवणारे कार्यक्रम असे करतात. आपल्यासाठी तीच विनंती एका बटणात ठेवलेली आहे. पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याचे जे बटण असते, ते दाबले की गाभा रांगेतले सगळे लिखाण पुरे करतो आणि मग “आता काढा” असे सांगतो. कित्येकांना ते बटण म्हणजे उगाचचा उपचार वाटतो. ते का आहे, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. फोन खिशात स्वस्थ पडलेला असतो तेव्हा त्याचे प्रोसेसर झोपलेले असतात, आणि त्यामुळे बॅटरी टिकते. काही मागे टाकलेली कामे अशी असतात, की ती चार क्षण उशिरा झाली तरी चालते. त्यांच्यावर तशी खूण केलेली असते. अशा कामांसाठी झोपलेल्या प्रोसेसरला मुद्दाम उठवत नाहीत. दुसऱ्या कशासाठी तो उठला, की तेव्हा हीही उरकून घेतात. विहिरीवर पाण्याला जायचेच आहे, तर वाटेत वाण्याकडून मीठ आणावे, तसे.

हा विचार अजून संपलेला नाही. टास्कलेटच्या जागी रांगेचीच एक सुधारलेली पद्धत आणण्याचे काम २०२४ साली सुरू झाले. त्याच वर्षी ठरल्या वेळेची हमी देणारी जुळणी लिनक्सच्या मूळ संहितेत सामील झाली. कारखान्यातल्या यंत्राला “थांब” म्हटल्यावर ते ठरलेल्या क्षणाच्या आत थांबलेच पाहिजे, अशा जागी तिचा उपयोग. तिच्यात उपकरणांच्या हाकांची बहुतेक कामेसुद्धा नाव असलेल्या गड्यांकडे देतात, म्हणजे त्यांतले कोणते आधी आणि कोणते मागाहून, हे ठरवता येते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा विषय शिकवायला संगणक लागत नाही. वर्गात एका मुलाला गणित घाला, दुसऱ्यांना मधून मधून हाका मारायला सांगा. एकदा त्याला प्रत्येक हाकेचे काम तिथेच पुरे करू द्या. दुसऱ्या वेळी पाटीवर नुसती नोंद करू द्या आणि दर दहा नोंदींमागे दोनच कामे उरकायची मुभा द्या. गणित केव्हा पुरे होते आणि पाटी केव्हा ओसंडते, ते मुले स्वतः पाहतील. पाटी भरून गेल्यावर काय करायचे, हा प्रश्नही तीच विचारतील. तो विचारला गेला, म्हणजे विषय समजला असे जाणावे.

आणि तुम्हा सर्वांना एवढेच सांगतो. उद्या संगणकातून पेनड्राइव्ह काढताना आधी ते बटण दाबा आणि “आता काढा” असे दिसेपर्यंत हात आवरा. आत कुणीतरी तुमचे मागे ठेवलेले काम पुरे करीत असते.